फिरवण्याआधी थर बघ

अगं, फिरत्या चकतीच्या इलेक्ट्रोडवर उत्प्रेरक ऑक्सिजनचं क्षपण कसं करतो ते मोजताना आलेख वाकडा आला की लगेच मशीनला दोष देऊ नकोस. खोट बहुतेक वेळा चकतीवरच्या उत्प्रेरकाच्या थरातच असते. ग्लासी कार्बनची (काचेसारख्या कार्बनची) चकती 0.05 मायक्रॉन अ‍ॅल्युमिनाच्या पॉलिश-भुकटीवर आरशासारखी घास, मगच इंकचा, म्हणजे उत्प्रेरकाची भुकटी मिसळलेल्या द्रवाचा, थेंब टाक. मुंबईच्या पावसाळ्यात तो लवकर वाळत नाही. वाळेपर्यंत सगळा माल कडेला सरकतो आणि मध्ये टक्कल पडतं. म्हणून चकती वरच्या बाजूला ठेवून, मिनिटाला साधारण 700 फेऱ्यांवर फिरवतच वाळव. भिंगातून बघ. टक्कल दिसलं तर पुसून पुन्हा टाक. मी अजूनही टाकते.

उत्प्रेरक प्लॅटिनम-कार्बन (कार्बनवर बसवलेलं प्लॅटिनम) असेल, तर ऑक्सिजनने भरलेल्या 0.1 मोलर परक्लोरिक आम्लात 1600 फेऱ्यांना मर्यादित प्रवाह (आलेख सपाट होतो तिथला, ऑक्सिजन पोचण्याच्या वेगावर अडलेला) दर चौरस सेंटिमीटरला 6 मिलिअँपिअरच्या आसपास हवा. बराच खाली अडकला, तर आधी ऑक्सिजन पुरेसा सोडलास का ते तपास, मग थराकडे वळ. फेऱ्या 400 वरून 1600 केल्या की हा प्रवाह दुप्पट झाला पाहिजे. ही पडताळणी कधीच टाळू नकोस.

आणि क्लोराइड! आपल्याकडे हात सतत घामेजलेले असतात. हातमोज्यांशिवाय काचभांड्याला हात लावू नकोस, क्लोराइडने प्लॅटिनम मंदावतं. संदर्भ इलेक्ट्रोड, म्हणजे ज्याच्या तुलनेत व्होल्टेज मोजतो तो, तोही याच कारणाने इथे सिल्व्हर क्लोराइडचा नको, हायड्रोजनचाच घे.