जहाज थांबेल

अनेक आशीर्वाद.

एलएनजीचं, म्हणजे द्रवरूप नैसर्गिक वायूचं, जहाज उद्या नांगरावर येतंय, मुख्य लाइनचा ड्यू पॉइंट (आतली वाफ ज्या तापमानाला गोठू लागते तो; जितका खाली तितकी लाइन कोरडी) उणे ४० अंशांच्या खाली गेलाय, तीन ड्रेन (पाणी काढायची तोंडं) मोजायचे राहिलेत आणि साहेब म्हणतात, लाइन कोरडी झाली म्हणून सही कर. एवढं विचारायला दोन पानं लिहिलीस!

करू नकोस. जहाज थांबेल.

मुख्य लाइन कोरडी दाखवणं सोपं असतं, सुकवायला सोडलेला नायट्रोजन तिथून धावतच जातो. हायड्रोटेस्टचं, म्हणजे पाणी भरून घेतलेल्या दाबाच्या चाचणीचं, पाणी दडून बसतं ते बायपासमध्ये, व्हॉल्व्हच्या पोटात, दाब मोजणाऱ्या ट्रान्समीटरच्या बारीक नळ्यांत. उणे १६२ अंशांचा एलएनजी आला की त्याचा बर्फ. मग व्हॉल्व्ह अर्ध्यात अडकतो. नळी बुजली की ट्रान्समीटर जुनाच दाब दाखवत बसतो आणि कंट्रोल रूममध्ये सगळे खूश. नंतर लाइन पुन्हा गरम करा, पुन्हा नायट्रोजन सोडा. जहाज तेव्हाही थांबणारच आहे, फक्त धक्क्याला बांधलेलं. डेमरेजचा, म्हणजे जहाज खोळंबल्याच्या भरपाईचा, दर निदान कंत्राटात लिहिलेला असतो.

कूलडाउनमध्येही, म्हणजे लाइन गार करतानाही, तेच. स्टेनलेस स्टील मीटरमागे सुमारे ३ मिलिमीटर आखडतं, म्हणजे किलोमीटरभर जेटी लाइन ३ मीटर. त्यासाठी लूप, म्हणजे आखडायला वाव देणारी वळणं, दिलेत. पण तळ गार आणि माथा उबदार राहिला तर पाइप कमानीसारखा वाकून सपोर्टवरून उठतो, तिथे लूप काय करणार? वरच्या-खालच्या तापमानातला फरक बघत राहा. ‘गार करायचा वेग जरा वाढवा’ म्हणून फोन येईलच. जहाज थांबेल म्हणावं.

माझ्याबद्दल ऐकलं असशीलच. एका प्रकल्पाच्या अहवालात उशिराचं कारण म्हणून माझं नाव आहे, पुढच्या कामावर मला घेतलं नाही. लोक अजून म्हणतात, ड्रेन कोरडेच निघाले, म्हातार्‍याने उगाच अडवलं. निघाले, हो! पण ते मोजल्यावरच कळलं ना? उद्या तसाच प्रसंग आला तर मी पुन्हा अडवीन. खंत वेगळीच आहे. तेव्हा हाताखाली असलेली पोरं त्यातून एवढंच शिकली की थांबवलं तर माणूस कामावरून जातो.

आता वाद घालत बसू नकोस. तिन्ही ड्रेनचे टॅग नंबर, मोजमाप बाकी असल्याची नोंद आणि लागणारे तास, एवढं लिहून साहेबांना दे. त्यांना सही करायचीच असेल तर पेन त्यांच्याकडेही आहे. आणि ड्रेन उघडशील तेव्हा ऑक्सिजन मीटर अंगावर असू दे, नायट्रोजनला वास नसतो, ऑक्सिजन कमी झालेला कळत नाही.