कॅसेटच्या दुकानाचा लघुपट : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही काही मित्रमैत्रिणी 20 मिनिटांचा विनोदी लघुपट करतोय. साल 2000, सीताबर्डीवरचं डबघाईला आलेलं कॅसेटचं दुकान आणि तिथं कामाला असलेली पोरं. ‘एम्पायर रेकॉर्ड्स’ पाहून कल्पना सुचली. वाचनाला लोक हसतात, पण गोष्ट पुढे सरकत नाही. संहिता सोबत पाठवली आहे. (वाचक, महाल)

उत्तर : संहितेत तीन पात्रं दुकान तोट्यात असल्याचं सांगतात, पण किती तोट्यात ते एकही सांगत नाही. अडचण तिथेच आहे. 1995 च्या त्या अमेरिकी चित्रपटात रात्री दुकान बंद करणारा पोरगा गल्ल्यातले सुमारे 9,000 डॉलर जुगारात घालवून बसतो, दुकान एका मोठ्या साखळीच्या घशात जाणार असतं, आणि पुढची जवळजवळ सगळी गोष्ट एका दिवसात उरकते. रक्कम ठरलेली, मुदतही ठरलेली. त्यामुळे पोरं टवाळक्या करत बसली की पाहणाऱ्याचा जीव टांगणीला लागतो, आणि म्हणूनच हसू येतं.

तुम्हीही हिशेब मांडा. समजा भाडं महिना 6,000 रुपये आणि एका कॅसेटमागे सुटतात 5 रुपये. म्हणजे नुसत्या भाड्यासाठी 1,200 कॅसेट खपायला हव्यात. 26 दिवस दुकान उघडं धरलं तर रोज 46. हा 46 चा आकडा पहिल्या दोन मिनिटांत गल्ल्यामागच्या पाटीवर खडूनं लिहिलेला दिसू द्या. मग दुपारी चार वाजता पाटीवर 9 दिसले की संवादाची गरजच उरत नाही.

दिवस कोणता घ्यावा? आमचं मत : दसऱ्याच्या आदला. दीक्षाभूमीवर माणसांचा पूर आलेला असतो, भीमगीतांच्या कॅसेटना मागणी असते. मालकानं उधारीवर जादा माल मागवला आहे आणि खोकी उघडल्यावर आत गणपतीच्या आरत्या निघतात. गणपती तर कधीच उठले! हा प्रसंग नागपुरातच घडू शकतो. तुमच्या संहितेतला आत्ताचा ‘एक दिवस’ कुठल्याही गावात चालेल असा आहे.

प्रश्न : याच लघुपटात नोकर मालकाच्या आवडत्या कॅसेटवर चुकून स्वतःचं गाणं रेकॉर्ड करतो. माझे मामा म्हणतात, विकतच्या कॅसेटवर रेकॉर्डिंग होतच नाही. (वाचक, धरमपेठ)

उत्तर : मामांचं बरोबर आहे, पण अर्धंच. कॅसेटची टेप दिसणारी बाजू खाली धरा. वरच्या कडेला दोन टोकांना दोन चौकोनी खाचा असतात. कोऱ्या कॅसेटमध्ये त्यांवर प्लास्टिकची पाकळी असते. गाण्यांच्या कॅसेटमध्ये ती नसते, म्हणून डेकचं रेकॉर्डचं बटण दाबलंच जात नाही. तुमच्याकडे जी बाजू आहे तिची खाच डावीकडची. त्या खाचेवर चिकटपट्टी लावली की बटण दाबलं जातं. म्हणजे ‘चुकून’ व्हायचं तर पट्टी आधीच कुणीतरी लावलेली हवी. कुणी आणि कशासाठी, हे शोधलंत तर एक अख्खं दृश्य हाती लागेल.

टेप गुंतण्याचा प्रसंगही खरा करा. टेप ओढून घेणारी चकती सैल पट्ट्यामुळे नीट फिरत नाही, रबरी रोलर मात्र टेप पुढे ढकलत राहतो. मग ती त्याच रोलरला गुंडाळते. चित्रीकरणासाठी निकामी कॅसेट घ्या आणि चांगल्या डेकवर हा प्रयोग करू नका. रीळ परत गुंडाळायला षटकोनी पेन्सिलच वापरा. चकतीच्या सहा दात्यांत ती घट्ट बसते; गोल पेन घसरतं आणि जवळून घेतलेल्या शॉटमध्ये ते लगेच कळतं.

प्रश्न : ट्यूबलाइटखाली मोबाइलवर घेतलेल्या दृश्यात काळे पट्टे सरकतात. आवाजही घुमतो. (वाचक, इतवारी)

उत्तर : आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे साधी ट्यूब सेकंदाला 100 वेळा लुकलुकते. मॅन्युअल कॅमेरा ॲपमध्ये 25 फ्रेम आणि शटर 1/50 ठेवून दोन्ही लॉक करा, पट्टे जातील.

आवाजाचं मूळ बहुधा कूलर. टेकपुरता तो बंद ठेवा आणि दोन टेकच्या मध्ये लावा. मे महिन्यात चित्रीकरण असेल तर दुपारचं वेळापत्रकच टाळा. 45 अंशांत कूलरविना कलाकार तग धरणार नाहीत आणि उन्हात ठेवलेल्या तबकड्या वाकतील. गाणं वाजत असताना संवाद घेऊ नका, संकलनात प्रत्येक कटला गाणं तुटेल. आधी गाणं मोठ्यानं लावा, कलाकारांना त्यावर ओरडून बोलायची सवय होऊ द्या, मग गाणं बंद करून तेवढ्याच आवाजात टेक घ्या. शेवटी रिकाम्या दुकानाची 30 सेकंदांची शांतता वेगळी ध्वनिमुद्रित करा.

प्रश्न : 30 सेकंदांपेक्षा कमी गाणं वापरलं तर परवानगी लागत नाही ना? आणि भिंतीवरच्या पोस्टरचं काय? (वाचक, वर्धमाननगर)

उत्तर : अशी 30 सेकंदांची सूट 1957 च्या कॉपीराइट कायद्यात नाही. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर 60 वर्षं टिकतो. शब्द आणि चाल यांचे हक्क वेगळे. ते गीतकार-संगीतकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं. म्हणजे जुनी तबकडी मोकळी झाली तरी गाणं मोकळं झालेलं असेलच असं नाही. दुकानात गाणं वाजवण्याचा परवाना चित्रपटात गाणं बसवायला चालत नाही. गावातल्या एखाद्या नव्या संगीतकाराकडून त्या काळच्या धाटणीची दोन गाणी करून घ्या आणि हक्कांचं लेखी पत्र घ्या.

पोस्टरला कलम 52 मध्ये सवलत आहे : चित्र केवळ पार्श्वभूमीला किंवा ओघात दिसत असेल तर चालतं. पात्रं त्याच पोस्टरकडे बोट दाखवून पाच मिनिटं बोलू लागली की ते ओघातलं राहत नाही.

प्रश्न : नागपुरी बोलीनं जास्त हसू येईल का? (वाचक, महाल)

उत्तर : ‘काय करून राहिला बे’ हे पोरं एकमेकांना म्हणतील, मालकाला नाही. कोण कोणाशी कसं बोलतं तेवढं सांभाळा. बोलीलाच विनोद करू नका. ती आपली रोजची भाषा आहे आणि नागपूरचा प्रेक्षक तिची टिंगल खपवून घेत नाही.