नवा कॅमेरा, जुना पडदा: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: फाटकावर चार नवे आयपी (नेटवर्कवरून चित्र पाठवणारे) कॅमेरे बसवले. पहारेकऱ्याच्या खोलीत मात्र जुना, पिक्चर ट्यूबचा मॉनिटर आहे; मागे फक्त बीएनसी सॉकेट (जुन्या व्हिडिओ केबलचं गोल, फिरवून अडकवायचं). एका टोकाला बीएनसी आणि दुसऱ्या टोकाला लॅन केबलचं सॉकेट असलेली एक छोटी डबी मिळाली, ती लावली. चित्र येत नाही. डबी खराब आहे का?

उत्तर: डबी बहुधा ठणठणीत आहे, पण ती या कामाची नाही. तिला बालन म्हणतात. आत एक लहानसा ट्रान्सफॉर्मर असतो आणि त्याचं काम एवढंच, की जुन्या ॲनालॉग कॅमेऱ्याचा ७५ ओहमच्या कोॲक्सवरचा (मधे एक तार, भोवती जाळी अशा गोल केबलवरचा) सिग्नल लॅन केबलमधल्या तारांच्या पिळलेल्या जोडीवरून नेता यावा. आयपी कॅमेऱ्याच्या तारेतून चित्र येतच नाही, येतो तो आकड्यांचा प्रवाह: एच.२६४ किंवा एच.२६५ पद्धतीनं दाबलेला आणि पाकिटांत भरलेला. तुमच्या मॉनिटरला लागतो १ व्होल्टचा सलग सिग्नल, त्यात सेकंदाला २५ चित्रं आणि प्रत्येक चित्रात ६२५ रेषा (दिसणाऱ्या ५७६). पाकिटं उघडून त्यातून हा सिग्नल तयार करायला मधे प्रोसेसर हवाच. ज्या जोडणीला स्वतःचा वीजपुरवठा लागत नाही, तिच्याकडून हे काम होणार नाही.

ती डबी आधी काढा. लॅन केबलमधून वीज देणारा स्विच प्रमाणित असेल, तर समोरचं उपकरण तपासल्याशिवाय तो वीज सोडत नाही. पण काही स्वस्त इंजेक्टर न विचारता २४ किंवा ४८ व्होल्ट सोडतात, आणि ते मॉनिटरच्या व्हिडिओ इनपुटमध्ये गेले तर इनपुट जळू शकतं.

आता मार्ग. कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा एनव्हीआर आधीच असेल, तर त्याच्या एचडीएमआयला 'एचडीएमआय टू एव्ही' (डिजिटल चित्राचा जुना ॲनालॉग सिग्नल करणारा) कन्व्हर्टर लावणं सर्वांत सोपं. एनव्हीआर नसेल, तर बीएनसी किंवा एव्ही आउटपुट असलेला नेटवर्क डिकोडर (नेटवर्कवरची पाकिटं उघडून चित्र देणारं यंत्र) घ्या. तो स्विचला जोडायचा, कॅमेऱ्याचा पत्ता भरायचा आणि मॉनिटर लावायचा. तिसरा मार्ग हायब्रिड डीव्हीआरचा, म्हणजे मुळात ॲनालॉग कॅमेऱ्यांसाठीच्या रेकॉर्डरचा. त्यातल्या बऱ्याच यंत्रांना आयपी चॅनेलही घेता येतात आणि मागे जुनं बीएनसी आउटपुटही असतं. घेण्याआधी ते आउटपुट आयपी चॅनेलसाठीही चालतं का, हे चालवूनच पाहा. काही कॅमेऱ्यांना बसवताना फोकस जुळवण्यासाठी दोन पिनांचं किंवा बीएनसीचं ॲनालॉग आउटपुट असतं. ते मेनूत बंद ठेवलेलं असू शकतं. एकाच कॅमेऱ्याचं चित्र हवं असेल, तर इतकं पुरतं.

मार्ग कोणताही असो, मेन स्ट्रीम (कॅमेऱ्याचा पूर्ण प्रतीचा प्रवाह) या पडद्यासाठी वापरू नका. ५७६ रेषांच्या पडद्याला आठ मेगापिक्सेलचं चित्र देऊन उपयोग शून्य, डिकोडर मात्र धापा टाकतो. कॅमेऱ्याच्या सब स्ट्रीममध्ये (लहान, हलक्या प्रवाहात) ७०४ × ५७६, एच.२६४, २५ फ्रेम, साधारण १ मेगाबिट आणि आय-फ्रेम (स्वतःत पूर्ण चित्र असलेली फ्रेम) दर २५ फ्रेमनंतर असं ठेवा. मेन स्ट्रीम रेकॉर्डिंगसाठी पूर्ण क्षमतेनं चालू राहू द्या.

प्रश्न: एनव्हीआरला एचडीएमआय टू एव्ही कन्व्हर्टर लावला. चित्र आलं, पण काळं-पांढरं, आणि वर वर सरकत राहतं. तारीख-वेळ अर्धी कापली जाते. चार कॅमेरे एकत्र लावले की काहीच ओळखू येत नाही.

उत्तर: या तीन वेगळ्या तक्रारी आहेत. रंग नसणं आणि चित्र सरकणं म्हणजे पाल आणि एनटीएससी या दोन जुन्या टीव्ही-पद्धतींची चुकामूक. कन्व्हर्टरच्या कडेला एक बारीक सरकबटण असतं. मॉनिटर ज्या पद्धतीचा असेल तिकडे ते न्या आणि कन्व्हर्टरची वीज काढून पुन्हा द्या, कारण काही कन्व्हर्टर हे बटण फक्त सुरू होताना वाचतात.

पिक्चर ट्यूब चित्राच्या कडा पडद्याबाहेर ढकलते. चारही बाजूंनी साधारण पाच टक्के चित्र जातं. तो बिघाड नाही. कॅमेऱ्याच्या मेनूत तारखेची जागा बदलता येते, ती आतल्या बाजूला ओढा.

चार खिडक्यांची अडचण मात्र सुटण्यासारखी नाही. ७२० × ५७६ चे चार भाग केले की प्रत्येक कॅमेऱ्याच्या वाट्याला ३६० × २८८ ठिपके येतात. त्यात माणूस आला हे कळतं, कोण आला हे कळत नाही. एनव्हीआरमध्ये एकेक कॅमेरा पूर्ण पडद्यावर आळीपाळीनं दाखवण्याची सोय असते, ती वापरा. फाटकाचा कॅमेरा जास्त वेळ ठेवा.

एनव्हीआरचं आउटपुट १२८० × ७२० वर आणा आणि ५० हर्ट्झचा पर्याय असेल तर तोच निवडा. ६० हर्ट्झवरून पाल करताना फ्रेम गाळल्या जातात आणि चालणारी माणसं धक्के खात चालल्यासारखी दिसतात. हा बदल साधा एचडीएमआय मॉनिटर लावून करा. कन्व्हर्टरला न पेलणारी सेटिंग पडली तर पडदा कोरा होईल आणि मेनूही दिसणार नाही. कन्व्हर्टरला ५ व्होल्टचा स्वतंत्र चार्जर द्या. आणि खरेदी करताना नाव नीट वाचा: 'एव्ही टू एचडीएमआय' ही हुबेहूब तशीच दिसणारी डबी उलट काम करते.

प्रश्न: डिकोडर घेतला. कॅमेरा नेटवर्कवर दिसतो, पिंगला (नेटवर्कवरच्या चाचणीच्या हाकेला) उत्तर देतो, तरी पडदा काळा.

उत्तर: आधी लॅपटॉपवर व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये तोच आरटीएसपी पत्ता (कॅमेऱ्याच्या थेट प्रवाहाचा पत्ता) उघडा (पोर्ट बहुतेक ५५४). तिथंही चित्र नसेल, तर चूक पत्त्यात किंवा पासवर्डात आहे. पासवर्डात ॲट द रेट किंवा तिरकी रेघ असेल, तर पत्ता मधेच तुटतो. या कामासाठी कॅमेऱ्यात फक्त अक्षरं-आकड्यांचा पासवर्ड असलेला, केवळ पाहण्याचे हक्क असलेला वेगळा वापरकर्ता करा. ऑनव्हिफनं (वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणं जोडण्याच्या सामाईक पद्धतीनं) जोडत असाल, तर त्याचा वापरकर्ता बऱ्याच कॅमेऱ्यांत स्वतंत्रपणे तयार करावा लागतो. कॅमेरा आणि डिकोडरची घड्याळं जुळलेली हवीत, कारण ऑनव्हिफची ओळखतपासणी वेळेचा शिक्का पाहते. बरोबर पासवर्ड नाकारला जातो तेव्हा हे घड्याळच बहुतेकदा कारण निघतं.

व्हीएलसीत चित्र येतं आणि डिकोडरवर नाही, तर संशय एच.२६५ वर घ्या. एच.२६४ करा, आणि 'प्लस' किंवा 'स्मार्ट' नावाची जास्तीची बचत बंद करा. त्यात आय-फ्रेम लांबणीवर पडतात आणि बाहेरचा डिकोडर ताटकळत बसतो.

प्रश्न: घरात रास्पबेरी पाय (एकाच बोर्डावरचा छोटा संगणक) पडून आहे. तो डिकोडर म्हणून चालेल का?

उत्तर: पाय ३ आणि पाय ४ चांगले चालतात. दोघांच्याही ३.५ मिलिमीटरच्या जॅकमधून आवाजाबरोबर कंपोझिट (एकाच तारेतून जाणारा ॲनालॉग) व्हिडिओ मिळतो. पाय ५ ला हा जॅक नाही. व्हिडिओसाठी बोर्डावर सोल्डरचे दोन टाके घालावे लागतात. पाय ४ वर कंपोझिट मुद्दाम चालू करावं लागतं, पाल निवडावं लागतं, आणि एचडीएमआय त्या वेळी बंद राहतं. पाय ३ ला सुरू होताना एचडीएमआय लावलेलं असेल, तर तो कंपोझिटकडे वळत नाही.

घोळ होतो केबलमध्ये. जॅकच्या टोकापासून क्रम असा: डावा आवाज, उजवा आवाज, ग्राउंड, व्हिडिओ. कॅमकॉर्डरसोबत येणाऱ्या बऱ्याच केबलींचा क्रम वेगळा असतो. मल्टिमीटर लावा: टोकापासून तिसरी पट्टी आरसीए प्लगच्या (टीव्हीच्या लाल-पांढऱ्या-पिवळ्या प्लगच्या) बाहेरच्या कड्याशी जुळली पाहिजे, शेवटची पट्टी पिवळ्याच्या मधल्या पिनेशी.

प्लेअर बंद पडला की आपोआप पुन्हा सुरू होईल अशी सेवा लिहा, कारण नेटवर्क क्षणभर तुटलं तरी चित्र गोठतं. गोठलेलं चित्र काळ्या पडद्याहून वाईट: पाहणाऱ्याला फाटक शांत आहे असंच वाटतं. म्हणून कॅमेऱ्याचं सेकंदांसह घड्याळ पडद्यावर ठेवा. आणि मेमरी कार्ड केवळ-वाचन स्थितीत ठेवा, वीज गेली तरी फाइली बिघडत नाहीत.

प्रश्न: स्विचपासून मॉनिटरपर्यंत १८० मीटर जुनी आरजी-५९ कोॲक्स आधीच टाकलेली आहे. ती वापरता येईल?

उत्तर: जरूर वापरा. लॅन केबलची मर्यादा १०० मीटर आहे, शुद्ध तांब्याच्या आरजी-५९ वरून कंपोझिट सिग्नल २०० मीटरच्या आसपास नीट जातो. म्हणून डिकोडर मॉनिटरजवळ नको, स्विचजवळ बसवा. गाभा तांब्याचा मुलामा दिलेल्या पोलादाचा असेल, तर या कामाला ती केबल कमी पडते.

दोन्ही टोकांची वीज वेगळ्या ठिकाणाहून येत असेल, तर पडद्यावर आडवा जाड पट्टा हळूहळू सरकताना दिसेल. तो ग्राउंड लूप आहे, म्हणजे दोन जागांच्या अर्थिंगमधल्या फरकामुळे केबलमधून वाहणारा प्रवाह. व्हिडिओ आयसोलेटर लावा. मॉनिटरची अर्थिंगची तार कधीही तोडू नका. एकाच केबलवर दोन मॉनिटर असतील, तर ७५ ओहमचं बटण (सिग्नल केबलच्या टोकावरून परतू न देणारं) फक्त शेवटच्या मॉनिटरवर चालू ठेवा. दोन्हीकडे चालू राहिलं तर १ व्होल्टचे सुमारे ०.६७ व्होल्ट उरतात आणि चित्र मळकट दिसतं. कुठेच चालू नसेल तर चित्र भगभगीत होतं आणि कडांना सावली पडते.

प्रश्न: पडद्यावर माणसं उंच आणि किडकिडीत दिसतात.

उत्तर: कॅमेरा १६:९, पडदा ४:३. डिकोडरमध्ये मूळ प्रमाण राखण्याचा पर्याय निवडा. वर-खाली काळ्या पट्ट्या येतील आणि ५७६ पैकी ४३२ रेषा चित्राला उरतील. बारीक जाळी किंवा पायऱ्या लुकलुकत असतील, तर सब स्ट्रीमचा शार्पनेस थोडा उतरवा.

प्रश्न: माणूस दारात पोचल्यावर पडद्यावर दिसतो. हा उशीर घालवता येईल?

उत्तर: पूर्ण नाही, पण बराच कमी करता येतो. चित्र व्हीएलसीवर चालत असेल, तर ते नेटवर्कसाठी मूळ सेटिंगमध्ये साधारण १ सेकंदाचा साठा करून मगच दाखवतं. तो २०० मिलिसेकंदांवर आणा आणि चित्र अडखळू लागलं तर थोडा वाढवा. दार उघडण्याचा निर्णय या पडद्यावर होत असेल, तर त्या एका कॅमेऱ्याचं स्वतःचं ॲनालॉग आउटपुट कोॲक्सनं थेट आणणं चांगलं, नेटवर्कचा उशीर त्यात लागत नाही.