वाचकांचे प्रश्न : नवं घर, देव आणि ड्रिल मशीन

या वेळच्या पत्रांत मुंबईत नुकतंच घर घेतलेल्या किंवा भाड्याने राहू लागलेल्या तरुण इंजिनिअरांची पत्रं जास्त आहेत. त्यातली पाच इथे घेतली आहेत.

प्रश्न : कांजूरमार्गला बाविसाव्या मजल्यावर वन बीएचकेचा ताबा मिळाला. घरच्यांना होमासकट वास्तुशांती हवी आहे. छताला स्प्रिंकलर आहेत. शेजारी म्हणतात, धूर झाला की पाणी सुटेल. गुरुजी म्हणतात, आग्नेय कोपऱ्यात फरशी उचलून वास्तुप्रतिमा पुरावी लागेल. कसं जमवायचं?

धुराने स्प्रिंकलर सुटत नाही, उष्णतेने सुटतो. त्याच्या तोंडाशी काचेची बारीक नळी असते. नळीतला द्रव लाल असेल तर ती ६८ अंश सेल्सिअसला फुटते, आणि घरांमध्ये बहुधा लालच असतो. फुटली की त्या एकाच तोंडातून पाणी येतं, सगळ्या छतातून नाही. पण ते मिनिटाला ६० ते ८० लिटर येतं आणि पाइपात महिनोन् महिने तुंबलेलं असल्यामुळे काळं, गंजाचा वास मारणारं असतं. व्हॉल्व्ह बंद करायला माणूस पोचेपर्यंत तुमचा हॉल जातो आणि खालच्या घराचं फॉल्स सीलिंगही.

म्हणून होमकुंड कधीच स्प्रिंकलरच्या खाली मांडू नका. निदान पाच-सहा फूट बाजूला, उघड्या खिडकीजवळ मांडा. कुंड नऊ इंची पुरे. समिधा करंगळीएवढ्या जाडीच्या आणि खडखडीत वाळलेल्या घ्या. पावसाळ्यात बाजारातून आणलेल्या समिधा ओलसर असतात आणि सगळा धूर त्यांचाच होतो. चार दिवस आधी आणून घरात सुकवा. तूप पळीने थोडं थोडं. एकदम ओतलं की ज्वाळा दोन-तीन फूट चढते, आणि धोका तिथेच आहे. पूर्णाहुतीला हात आवरा, कारण त्याच वेळी सगळ्यांना उत्साह येतो. पंखा आणि एसी बंद ठेवा. स्प्रिंकलरच्या तोंडाला प्लास्टिकची पिशवी बांधण्याची युक्ती सर्रास चालते. ती करू नका. खरी आग लागली तर त्याच पिशवीने घात होईल.

धूर ओळखणारा सेन्सर वेगळा असतो आणि बहुतेक इमारतींत तो बाहेरच्या लॉबीत असतो. मुख्य दरवाजा बंद ठेवा आणि आदल्या दिवशी सोसायटीच्या ऑफिसात व फायर पॅनेलवर बसणाऱ्या माणसाला वेळ कळवून ठेवा.

कुंडाखाली आधी विटांचा थर, त्यावर दोन इंच वाळू. व्हिट्रिफाइड फरशी एकाच जागी तापली की तडकते, खाली पोकळ राहिली असेल तर हमखास. राख पत्र्याच्या घमेल्यात दुसऱ्या दिवसापर्यंत राहू द्या. वरून थंड वाटली तरी आत निखारे असतात.

आता प्रतिमा. नव्या टॉवरांत स्लॅब आणि भिंती ॲल्युमिनियमच्या साच्यात, साइटवर ज्याला मायवान म्हणतात त्या पद्धतीने, एकसंध ओतलेल्या असतात. तुमच्या फरशीखालच्या स्लॅबमध्ये खालच्या घराच्या दिव्या-पंख्यांच्या वायरींचे पाइप गेलेले असतात. त्यामुळे स्लॅबला छिन्नी लावायची नाही. फरशी आणि स्लॅब यांच्यामध्ये सिमेंट-वाळूच्या मालाचा थर असतो, दीड-दोन इंचांचा. कुठे एक इंचही नसतो. प्रतिमा तेवढ्यात बसेल अशी, लहान आणि चपटी घ्या, आणि मिस्त्रीकडून आदल्या दिवशीच फरशी सोडवून घ्या. त्या फरशीच्या जोडीच्या दोन फरश्या बिल्डरकडून मागून ठेवा. नंतर त्या छटेची मिळत नाही. आग्नेयेला बाथरूम किंवा धुण्याची बाल्कनी येत असेल तर तिथे खणूच नका, वॉटरप्रूफिंग फाटेल आणि खालच्या घरात गळेल. गुरुजींना नकाशा आधी दाखवला तर ते जागा सरकवून देतात. त्यांच्या पाहण्यात अशी घरं रोजची आहेत.

एवढा व्याप नको असेल तर उदकशांती करा. तिच्यात होम नसतो, खणणंही नसतं. कलशातलं पाणी अभिमंत्रित करून घरभर शिंपडतात. बाविसाव्या मजल्यासाठी आम्हाला तीच जास्त सोयीची वाटते.

प्रश्न : चांदिवलीत भाड्याने घर घेतो आहे. मालक म्हणतात, ११ महिन्यांचा करार असल्याने नोंदणी लागत नाही, स्टॅम्प पेपरवर नोटरी केली की झालं. खरं आहे का?

नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदवलेलाच हवा, मग तो ११ महिन्यांचा असो की ३६. नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. ती केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय नोंदणी नसताना वाद झाला तर करारातल्या अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरलं जातं. मालकाला एवढं एक वाक्य शांतपणे सांगून पाहा.

खर्चही फार नाही. समजा भाडं ३०,००० रुपये, डिपॉझिट एक लाख, मुदत १२ महिने. वर्षाचं भाडं ३,६०,०००, त्यात डिपॉझिटवर १० टक्के दराने धरलेलं व्याज १०,०००. एकूण ३,७०,००० वर पाव टक्का, म्हणजे ९२५ रुपये मुद्रांक शुल्क. मुंबईत नोंदणी फी १,०००. एजंटाचे पैसे वेगळे, आणि घासाघीस करायची ती तिथे.

मासे-मटण शिजवायचं नाही, रात्री दहानंतर पाहुणे नकोत, अशा तोंडी अटी असतील तर सही करण्याआधी त्या कागदावर मागा. कागदावर आल्या की बऱ्याच गळून पडतात. ज्या उरतात त्या पाळायच्या की दुसरं घर बघायचं, हे तेव्हाच ठरवता येतं. सोसायटीचा बिनभोगवटा आकार (मालक स्वतः राहत नसल्याबद्दल लावला जाणारा) सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही, आणि रीतीप्रमाणे तो मालकाने भरायचा.

प्रश्न : दोन फुटी संगमरवरी देव्हारा भिंतीवर लावायचा आहे. ईशान्येला नेमकी बाथरूमची भिंत येते. चालेल?

आधी भिंत कसली आहे ते पाहा. ड्रिल लावल्यावर राखाडी पूड हळूहळू, कष्टाने येत असेल तर काँक्रीट. बिट लोण्यात शिरावं तसं आत गेलं तर हलक्या सिमेंटचे ब्लॉक. दोन फुटी संगमरवरी देव्हारा ४० किलोच्या आसपास भरतो; ब्लॉकच्या भिंतीत साध्या प्लास्टिक गिट्ट्यांवर तो टिकणार नाही. सुरुवातीला घट्ट वाटेल, मग भोक खात खात सैल होईल. तिथे खाली कपाट करून त्यावर देव्हारा ठेवा. काँक्रीट असेल तर हॅमर ड्रिलने भोक पाडून अँकर बोल्ट लावता येतील, पण स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा सरळ खाली भोक पाडू नका; वायरी तिथूनच गेलेल्या असतात.

बाथरूमच्या भिंतीबद्दल शास्त्र काय म्हणतं ते घरच्या वडीलधाऱ्यांना विचारा. आमची हरकत ओलीची आहे. एक फूट चौरस प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला लावा आणि २४ तासांनी बघा. आतल्या बाजूला दव असेल तर ओल भिंतीतून येते आहे, आणि कपाटाची प्लायवूडची पाठ पहिल्याच पावसाळ्यात फुगेल. ताबा मिळून पाच वर्षं झाली नसतील तर बिल्डरला लेखी कळवा. बांधकामातला असा दोष त्याने ३० दिवसांत विनाशुल्क दुरुस्त करायचा, असं रेराच्या, म्हणजे बिल्डरांवर नियंत्रण ठेवणाऱ्या स्थावर संपदा कायद्याच्या, कलम १४ मध्ये आहे. फोनवर सांगू नका, ईमेल करा.

प्रश्न : आईने नव्या घरासाठी देवांचे टाक दिले. मी नाइट शिफ्ट करतो. देव आहे की नाही, हे माझं मलाच ठरलेलं नाही. पूजा करताना ढोंग केल्यासारखं वाटतं. न केली तर अपराधी.

तुमच्यासारखा पेच याच शहरात दीडशे वर्षांपूर्वी भल्याभल्यांना पडला होता. १८६७ साली मुंबईत प्रार्थना समाज निघाला. न्यायमूर्ती रानडे आणि रामकृष्ण भांडारकर त्यातले. त्यांनी मूर्तिपूजा बाजूला ठेवली, पण तुकोबांचे अभंग सोडले नाहीत. म्हणजे एकतर सगळं धरा नाहीतर सगळं टाका, असा नियम कुणी केलेला नाही.

आधी एक व्यवहाराची गोष्ट तपासा. जुन्या रीतीत चूल वेगळी झाली की देव वेगळे होतात. तुम्ही अविवाहित असाल, सणाला गावी जात असाल, कुळाचार तिथेच होत असेल, तर टाक आईकडे राहिले तरी काही अडत नाही. कदाचित आईने ते तुमच्या काळजीपोटी दिले असतील. तिला विचारा.

ठेवायचेच ठरले तर पूजा आठ मिनिटांची आहे. कालची फुलं काढा, टाक ओल्या फडक्याने पुसा, गंध, एक फूल, दिवा, दूध-साखरेचा नैवेद्य. सकाळी नऊला ड्यूटीवरून येऊन अंघोळ केल्यावर केली तरी ती पूजाच. टाकांना रोज अभिषेक नको. चांदीचा पत्रा पातळ असतो आणि नक्षी झिजते. टूथपेस्टने तर मुळीच घासू नका, त्यात खरखरीत पूड असते. काळी पडलेली चांदी ॲल्युमिनियम फॉइल, खायचा सोडा आणि गरम पाण्याने उजळते, पण आतून लाखेने भरलेल्या टाकांना गरम पाणी लावलं की लाख सुटते. ते सोनाराकडेच न्या.

ढोंगाबद्दल आमचं मत असं : श्रद्धा नसताना आईसाठी दिवा लावणं हे ढोंग नाही. दिवा न लावता ‘हो, लावतो गं रोज’ म्हणणं हे ढोंग. महिनाभर करून पाहा. जमलं नाही तर टाक ड्रॉवरमध्ये टाकून ठेवू नका. कोऱ्या सुती कापडात गुंडाळून आईच्या हातात परत द्या आणि कारण सांगा. रुसेल, चार दिवस बोलणार नाही. दर फोनला खोटं बोलण्यापेक्षा ते परवडतं.

प्रश्न : सकाळी निरांजन लावून लगेच ८.१२ ची लोकल गाठतो. दिवा आपोआप विझतो. हरकत नाही ना?

हरकत आहे. वाऱ्याने वात पडली, उंदराने पळवली, देव्हाऱ्यामागचा ॲक्रिलिकचा तुकडा तापला, आणि घराला कुलूप. ज्योतीच्या वर निदान दीड फूट मोकळं हवं, खाली पितळी ताट हवं आणि घरात जागं माणूस हवं. नसेल तर निघताना फुलाने वात शांत करा. आरती चुकली तरी चालेल.