जिवाणूंना ना हाडं ना कवच, मग ३४८ कोटी वर्षांपूर्वी ते होते हे दगडावरून कसं ओळखतात? आपल्या भागात असे दगड मिळतील का?

इतक्या जुन्या दगडात जिवाणू स्वतः क्वचितच टिकतो. टिकतं ते त्यानं वाळूशी आणि गाळाशी केलेलं काम, आणि माझ्या मते तोच पुरावा जास्त भक्कम आहे.

मी सांगलीचा. पावसाळा सरल्यावर कृष्णाकाठची आटत चाललेली डबकी बघा. नुसता गाळ वाळला की भेगा पडतात, बोटानं दाबला की चुरा होतो. पण ज्या गाळावर बुळबुळीत शेवाळी थर धरलेला असतो, तो पापुद्र्यासारखा सुटतो, कडा वर वळतात आणि अख्खा तुकडा हातात येतो. सूक्ष्मजीव चिकट द्रव सोडतात, त्यात कण धरून राहतात. अशी वाळू लाटेनं सहज विखुरत नाही. ती सुरकुतते, फाटते, तिची गुंडाळी होते. मोकळ्या वाळूची गुंडाळी होईल कशी?

नेमक्या अशा खुणा पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या पिलबारामध्ये, ड्रेसर फॉर्मेशन नावाच्या खडकांच्या थरांत दिसतात. भूवैज्ञानिक नोरा नॉफ्के आणि सहकाऱ्यांनी त्या २०१३ मध्ये मांडल्या. वय सुमारे ३४८ कोटी वर्षं. एवढ्या लवकर किनाऱ्यावर दाट वसाहती करून सूक्ष्मजीव राहत होते, हे वाचून मी आजही थक्क होतो. ते ऑक्सिजन सोडत होते असं मात्र या खुणांवरून म्हणता येत नाही. हवेत ऑक्सिजन साठू लागला तो बराच नंतर, सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी.

असे थर एकावर एक चढून घुमट झाले की त्यांना स्ट्रोमॅटोलाइट म्हणतात. पण घुमट दिसला की जीव होता, असं धरू नका. ग्रीनलँडमधल्या ईसुआच्या ३७० कोटी वर्षं जुन्या दगडात ते सापडल्याचं २०१६ मध्ये जाहीर झालं. २०१८ मध्ये अ‍ॅबिगेल ऑलवूड आणि सहकाऱ्यांनी तेच दगड तपासून सांगितलं, की दगड दाबला-पिळला गेल्यानंही हे आकार होऊ शकतात. मला ही शंका पटते.

सांगली-साताऱ्याच्या काळ्या कातळात शोधू नका. तो लाव्हाचा बेसॉल्ट, वय जेमतेम साडेसहा कोटी वर्षं. आपल्याला जवळ म्हणजे कर्नाटकातलं बागलकोट. तिथल्या कलादगी खडकांत, शंभर कोटी वर्षांहून जुन्या डोलोमाइटमध्ये (हा चुनखडीसारखा दगड), स्ट्रोमॅटोलाइट आहेत.