लग्नाच्या फोटोचे एवढे पैसे काहून घेतात?

भाऊ, तुम्ही विचारलंय की ज्या फोटोग्राफरनं भाचीच्या बारशाचे 6 हजार घेतले तोच आता बहिणीच्या लग्नाचे 85 हजार सांगतोय, कॅमेरा तोच अन् माणूसही तोच, मग ही लूट नाही तर काय. मी नागपुरात 11 वर्षांपासून लग्नं शूट करतोय, म्हणजे त्या लुटारूंच्याच पार्टीतला, तरी जे आहे ते सांगतो.

बारशात बाळ रडलं की थांबता येतं. आजी म्हणते दूध पाजू द्या मग काढा, तोवर आपण चहा पितो. लग्नात अंतरपाट एकदाच बाजूला होतो बाप्पा. शेवटचं सावधान झालं की भटजी अंतरपाट ओढतात, त्याच सेकंदाला चारही बाजूंनी अक्षता उडतात, बँडवाला सुरू होतो, अन् कॅमेऱ्याचा ऑटोफोकस पोरीचा चेहरा सोडून मधातच उडणाऱ्या तांदळाच्या दाण्यावर जाऊन बसतो, वरून कोण्यातरी मामाचा मोबाईल बरोबर लेन्ससमोर. सुरुवातीच्या काळात कोराडी रोडच्या एका लॉनवर माझा हा फोटो असाच गेला, अक्षता एकदम शार्प अन् नवरी पूर्ण ब्लर. मी भटजींच्या हातापाया पडून अंतरपाट परत धरायला लावला, दोघं बिचारे हसत उभे राहिले, पण मागून एक म्हातारे काका म्हणालेच, "मुहूर्त तं गेला न बे." तो फोटो अल्बममध्ये गेला खरा, पण दोघांचे चेहरे स्टेजवर ग्रुप फोटोला उभे राहिल्यासारखेच आले होते.

तेव्हापासून मी एकटा लग्नाला जातच नाही. एक माणूस नवरीकडे, एक नवरदेवाकडे, व्हिडिओचे वेगळे, शिवाय लाईट धरणारा पोरगा. मोठा पैसा यातच जातो, सीझनमध्ये चांगला कँडिडवाला, म्हणजे पोझ न देता नकळत फोटो टिपणारा, माझ्याकडूनच दिवसाचे 10 हजार घेतो, अन् तुमची हळद, लग्न, रिसेप्शन धरून दोन दिवस तर होतातच. त्यात चातुर्मासात मुहूर्तच नसतात, त्यामुळे वर्षभराचा धंदा थोड्याच तारखांत करायचा असतो, एकेका तारखेला पाच-पाच फोन येतात अन् मी एकच, चार पार्ट्यांना नाही म्हणावं लागतं. मे महिन्यात पारा 45 वर असताना वरातीत 4K व्हिडिओ करायला गेलं की कॅमेरा ओव्हरहिट होऊन बंद पडतो, म्हणून बॅगेत दुसरा कॅमेरा ठेवावाच लागतो, तो काय फुकट येतो का.

नंतरचं काम तर लोकांना दिसतच नाही. एका लग्नाचे 4 हजार फोटो धरा, एक रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातला प्रोसेस न केलेला कच्चा फोटो, 25-30 एमबीची, म्हणजे 100 जीबीच्या वर नुसते फोटोच, व्हिडिओ वेगळा. कॅमेऱ्यात दोन कार्डांवर एकाच वेळी सेव्ह होतात, घरी आल्यावर रात्री 2 वाजता जेवायच्या आधी दोन हार्ड डिस्कवर कॉपी. एकदा कार्ड करप्ट झालं होतं, दुसऱ्या कार्डानं वाचवलं, नाहीतर मी आज हे उत्तर लिहीत नसतो. मग कलर करेक्शन, अल्बम डिझाइन, प्रिंट. अन् सिलेक्शन! पार्टीला 150 फोटो निवडून द्या म्हटलं की महिनोन् महिने पत्ता नाही. एका घरून तर लग्नाच्या अल्बमचं सिलेक्शन अन् बाळाच्या बारशाची ऑर्डर एकाच दिवशी आली राजेहो.

आता खरं सांगायचं तर फुगवाफुगवी पण चालते. फुटाळा तलावावरचं प्री-वेडिंग शूट, ड्रोन, एलईडी स्क्रीन, पॅकेजमध्ये घुसवलेलं बरंच काही तुम्ही बिनधास्त कापू शकता. लॉन वर्धा रोडला एअरपोर्टजवळ असेल तर तिथं परवानगीशिवाय ड्रोन उडवताच येत नाही, मग त्याचे पैसे काहून द्यायचे? फक्त माणसं कमी करू नका. प्रत्यक्ष कोण कोण येणार, कॅमेऱ्याला दोन कार्ड स्लॉट आहेत का अन् अल्बमच्या शीट किती, हे टोकन द्यायच्या आधी व्हॉट्सअपवर लिहून घ्या, कारण तोंडी ठरलेल्या 40 शीटच्या डिलिव्हरीला 30 होतात.