फॉर्म्युला 1 मधील रेड बुल संघाचे माजी प्रमुख ख्रिश्चन हॉर्नर आधी स्वतः रेसिंग ड्रायव्हर होते का, आणि ते संघप्रमुख कसे झाले?
होय, होते. 1997 मध्ये फॉर्म्युला 3000 या फॉर्म्युला 1 च्या खालच्या पातळीवरील शर्यत मालिकेत उतरण्यासाठी त्यांनी ‘आर्डेन’ हा स्वतःचा संघ काढला, पण पोर्तुगालमधील एस्तोरिल ट्रॅकवरच्या सरावात हुआन पाब्लो माँटोया या ड्रायव्हरने ज्या निर्धास्त वेगाने वळण घेतले ते पाहून आपल्याला ते जमणार नाही, हे त्यांनी ओळखले आणि 1998 च्या हंगामानंतर गाडी चालवणे सोडले. माझ्या मते हा प्रामाणिक निवाडाच त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत मोलाचा निर्णय होता. पुढे आर्डेनच्या ड्रायव्हरांनी 2003 आणि 2004 मध्ये त्या मालिकेची विजेतेपदे मिळवली, आणि 2005 मध्ये, वयाच्या अवघ्या 31 व्या वर्षी, ते रेड बुलचे संघप्रमुख झाले. तेथे त्यांच्या काळात संघाने सहा कन्स्ट्रक्टर्स (म्हणजे संघांसाठीची) विजेतेपदे जिंकली. जुलै 2025 मध्ये त्यांना पदावरून दूर करण्यात आले.